किल्ली न ठेवणारे ट्रंकबाबू

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत बाहेरगावी जाताना घराची किल्ली शेजारी ठेवून जायची पद्धत आहे. कुंड्यांना पाणी घालायचं असतं, गॅसवाला येऊन जातो, कधी पाहुणे घरच्यांच्या आधी पोचतात. पाच-सहा घरांच्या किल्ल्या एकमेकांच्या खिळ्यांवर लटकत असतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. अपवाद फक्त एका घराचा होता. ट्रंकबाबू कुणाचीही किल्ली ठेवून घेत नसत. मी वर्तमानपत्राच्या नोकरीनिमित्त वर्ध्याला आले आणि त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागले. पहिल्यांदा दौऱ्यावर निघताना गल्लीच्या रिवाजाप्रमाणे किल्ली त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाई बाप्पा. चाबी नोको."

"काका, घर तुमचंच आहे."

"घर माह्यं हाय, सामान तुमचं हाय. चाबी माह्याजवळ राह्यली अन् तुमची चमची जरी हरवली, तं मले जेवण जानार नाई. घेऊन जा सोबत."

घरमालकाने भाडेकरूची किल्ली नाकारावी, हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. गल्लीत याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला होता. कुणी म्हणे माणूस घमेंडी आहे, कुणी म्हणे आळशी आहे. पलीकडच्या घरातल्या बाई म्हणायच्या, "त्यायले कुंड्यायले पानी घालाचं नाई, बाकी काही नाई." हे शेवटचं थोडंफार खरं होतं. त्यांच्या स्वतःच्या कुंड्यांतही काही उगवत नसे.

ट्रंकबाबू हे नाव त्यांना नोकरीने दिलं. तरुणपणी ते आष्टीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवावा लागे, मग तासन्‌तास वाट पाहावी लागे, आणि शेवटी ऑपरेटर दोन गावांच्या तारा जोडून देई. त्याला ट्रंक कॉल म्हणत. पुढे यंत्रं आपोआप नंबर जोडू लागली, बाबू बिलांच्या खिडकीवर बसले, तिथून निवृत्त झाले. पण त्यांच्या मनातला ऑपरेटर काही निवृत्त झाला नाही. घरातसुद्धा ते ताठ बसत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालत आणि समोरचा बोलू लागला की मान किंचित डावीकडे कलती करत. कानावर न दिसणारा हेडफोन आहे असं वाटे. फोन उचलला की "हॅलो" कधीच नाही. "बोला, लाईन चालू हाय," एवढंच.

ट्रंक कॉलचे पैसे तीन मिनिटांच्या हिशेबाने लागत, आणि वेळ संपत आली की ऑपरेटर मध्येच विचारी, वाढवायचं का? ही सवय बाबूंनी तशीच ठेवली होती. नळाला पाणी नसल्याची तक्रार घेऊन मी एकदा खाली गेले. टाकी, मोटर, वाल्व असं सगळं सांगून श्वास घ्यायला थांबले, तर बाबू गंभीरपणे म्हणाले, "तीन मिनिटं झाली. वाढवू काय?" नळ त्या दिवशी दुरुस्त झाला नाही, पण माझी बोलण्याची पद्धत पुष्कळ सुधारली.

मुलगा बंगळूरला गेला तेव्हा जुना संगणक घरात सोडून गेला. काकू मी राहायला येण्याच्या आधीच वारल्या होत्या. रिकाम्या घरात बाबूंनी त्या संगणकाला तोंड दिलं आणि दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात म्हणजे नेमकं काय करतात, या एकाच गोष्टीच्या मागे लागले. परदेशातल्या जाणकारांच्या चर्चामंचावर ते प्रश्न विचारत. प्रश्नाची सुरुवात "रिस्पेक्टेड सर"ने आणि शेवट "युअर्स फेथफुली"ने होई. मध्ये "आपल्या कृपाळू माहितीसाठी सादर" अशा अर्थाची वाक्यं असत. पलीकडून एक-दोन ओळींची उत्तरं येत. बाबू त्यांची पोच देत, आणि पोचेवर कुणी पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं की त्याचेही आभार मानत. त्या मंचावर त्यांच्याइतका सभ्य माणूस दुसरा नसावा. त्यांच्याइतका हळू शिकणाराही नसावा; पण शिकलेलं ते विसरत नसत.

फायली कुलूपबंद करून एका यंत्रावरून दुसऱ्यावर पाठवायच्या, आणि दुसऱ्या यंत्राला त्या उघडता येऊ नयेत, असं करता येतं हे कळलं त्या दिवशी ते जिना चढून वर आले. एरवी ते वर येत नसत. "रिपोर्टर," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "आयका. सामान जाते, पोचते, राह्यते. पन पोचवनाऱ्याले त्यातलं काहीच समजत नाई. काहीच नाई!" मला त्यात एवढं हर्षाचं काय ते समजलं नाही. मी मान डोलवली. त्यांनी खाली जाऊन संत्र्याची बर्फी आणली आणि आम्ही ती खाल्ली.

या ज्ञानाचा उपयोग करायची वेळ कारंज्यावरून आली. कारंजा घाडगेला बायकांसाठी एक सल्ला केंद्र चालतं. घरात त्रास असलेल्या बाया तिथे येतात, बोलतात. बोललेलं लिहून घेतलं जातं. निर्मलाताई ते चालवतात. एका दुपारी एका बाईचा नवरा चार माणसं घेऊन केंद्रात शिरला, कपाट उघडून बायकोची फाईल काढली आणि महामार्गावरच्या ढाब्यावर बसून तिचा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. ट्रकवाल्यांनी चहा पिता पिता ऐकला. मी त्या बातमीसाठी गेले तेव्हा केंद्राच्या बाकावर कुणी बसलेलं नव्हतं. निर्मलाताई म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, एक बाई नाई आली. काऊन येईन? मी आली असती काय?"

त्यांना कागद कपाटातून काढून संगणकावर ठेवायचे होते आणि त्यांची एक प्रत लांब, दुसऱ्या गावात, कुणाच्या हाती लागणार नाही अशी हवी होती. मी बाबूंचं नाव सांगितलं. सांगताना थोडी धास्ती होती. पण बाबूंनी सगळं ऐकून घेतलं, ढाब्याची गोष्ट आली तिथे मान सरळ केली, आणि तीन मिनिटं झाल्याची सूचना दिली नाही.

जुन्या संगणकाचे सुटे भाग आणि एक नवी डिस्क घालून त्यांनी जिन्याखाली पेटी बसवली. सर्व्हर हा शब्द त्यांना येत होता, पण ते पेटीच म्हणत. कारंज्याच्या संगणकावर फाईल तयार झाली की तिथेच तिला कुलूप लागायचं, तिचं नावसुद्धा ओळखू येणार नाही असं बदलायचं, आणि मग ती सिंदी मेघेला येऊन पेटीत बसायची. उघडण्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त कारंज्याला. पेटी सांभाळणाऱ्याला आत काय आहे ते दिसायचं नाही. तेवढ्यासाठीच तर हे सगळं होतं.

जोडणीच्या दिवशी फोनचा स्पीकर लावून बाबू जिन्याखाली स्टुलावर बसले. पलीकडे निर्मलाताई. पहिल्यांदा जोडताना दोन्हीकडच्या पडद्यांवर आकड्यांची आणि अक्षरांची एक लांब माळ उमटते. ती दोन्हीकडे तंतोतंत एकच असेल तरच समजायचं की मध्ये तिसरा कुणी यंत्र लावून बसलेला नाही. लोक सहसा ती न वाचताच "होय" दाबतात. निर्मलाताईंनीही दाबायला घेतलं होतं.

"हात काढा!" बाबू ओरडले. "वाचून घ्यायची हाय. मी म्हणतो, तुम्ही पाहा. सात. अकोला. तीन. चांदूर."

"काका, इथे अकोला कुठं हाय?"

"ए म्हंजे अकोला. बी बडनेरा, सी चांदूर, डी धामणगाव. फोनवर बी अन् डी सारखंच आयकू येते. ई म्हंजे एलिचपूर."

"अन् एफ?"

बाबू घुटमळले. एफचं गाव त्यांना रेल्वेच्या नकाशावर सापडलेलं नव्हतं. "एफ म्हंजे फुटाणा," ते शेवटी म्हणाले. मुंबईच्या रेल्वेमार्गावर वर्ध्याच्या पुढे फुटाणा नावाचं स्टेशन लागतं की काय, अशी शंका यावी इतक्या अधिकाराने.

माळ जुळली. पहिली फाईल आली. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. बाबूंनी कपाळ पुसलं आणि तेवढ्यात निर्मलाताईंनी ती चूक केली. आमच्या भागातल्या कोणत्याही भल्या बाईने केली असती अशीच ती होती. त्या म्हणाल्या, "काका, मी एक पासवर्ड ठेवला हाय, तो तुम्हाले सांगून ठेवते. मी विसरली तं असू द्या तुमच्याजवळ," आणि लगेच सांगून मोकळ्या झाल्या. घराची किल्ली शेजारच्याच्या हातात द्यावी तशी.

बाबूंनी डोळे मिटले. 

"ताई," मग ते म्हणाले, "आता मले मालूम झालं. कुलूप बदला."

"काका, तुमच्यावर भरोसा हाय म्हणून तं—"

"भरोसा हाय म्हणूनच बदला. सगळं पुन्हा करा. अन् दुसरी चाबी तुमच्याच कमिटीतल्या कोन्या बाईजवळ ठेवा. मले सांगू नका कोनाजवळ ठेवली ते बी."

सगळं पुसून पुन्हा सुरू झालं. कारंज्याची लाईन मंद. केंद्राचे जुने कागद पुन्हा कुलूपबंद होऊन यायला कितीतरी दिवस गेले. या काळात बाबू स्वतःशी काहीतरी पुटपुटत फिरत. मी विचारलं तर म्हणाले, "तो पासवर्ड विसराचा प्रयत्न करून राह्यलो." तो आता काही उघडत नव्हता, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "उघडत नाई ते ठीक," ते म्हणाले, "पन डोक्यात बसून हाय ना."

पेटीची बडदास्त पाहण्यासारखी होती. वर्ध्याच्या मे महिन्यात घरात एकच कूलर. तो पेटीकडे तोंड करून. बाबू शेजारी पंख्याखाली घामाने निथळत बसलेले. "तिले गरम होते," हे स्पष्टीकरण. हिवाळ्यात गल्लीतली मांजर पेटीच्या उबेला येऊन झोपे. तिला हाकलायचं बाबूंच्या जिवावर येई, म्हणून ते पेटीवर एक पाटी ठेवत: "विश्रामगृह नाही." मांजर पाटीवर झोपे. एका दिवाळीत निर्मलाताईंनी घराबरोबर संगणकाचीही साफसफाई केली आणि जुना वाटला म्हणून एक अख्खा फोल्डर पुसला. तिथे पुसलं की इथेही पुसलं जातं. पेटी या बाबतीत फार आज्ञाधारक. बाबूंनी पुसलेल्या फायली महिनाभर बाजूला ठेवायची सोय आधीच करून ठेवली होती म्हणून निभावलं. त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या आधी ते कारंज्याला फोन करत आणि विचारत, "ताई, झाडू कुठं कुठं मारनार हाय?"

किल्लीचं कोडं मला त्यांच्याकडून उलगडलं नाही. ते उलगडलं त्यांच्या बहिणीकडून.

कुसुमबाई बाबूंपेक्षा पाच-सात वर्षांनी लहान. आष्टीला सासर, घरचा भाजीपाला आणि थोडी संत्री. बुद्धपौर्णिमेला खिरीसाठी भावाकडे येत, आणि आल्या की पहिलं वाक्य टोमण्याचं. "काय दादा, आज कोनाचं आयकलं?" बाबू हसून गप्प बसत. एकदा खीर ढवळता ढवळता त्यांनीच मला सांगितलं.

"माह्यं लगन ठरलं होतं, पुलगावच्या घरी. तवा हे दादा आष्टीच्या एक्सचेंजात. तिकडून नवरदेवाच्या काकाचा ट्रंक कॉल आला, आमच्या मध्यस्थाले. यायनंच जोडून देला. आवाज बराबर जाते की नाई पाहाले कान लावाच लागे यायले. काका म्हणे, जमत नाई म्हणून सांगजो पोरीच्या बापाले. पन आताच नोको, पुढच्या महिन्यात सांगजो." कुसुमबाईंनी पळी कडेला आपटली. "हे घरी आले. हात धुतले. जेवले. आई माह्या गादीत कापूस भरून राह्यली होती, मी उशीवर मोर काढून राह्यली होती. हे पाहात होते. महिनाभर पाहात होते, पोरी!"

"नियम होता," बाबू खाटेवरून म्हणाले. "बोर्डावर आयकलेलं बोर्डावर ठेवाचं."

"नियमाले बहीण नसते, दादा."

बाबू उठून पेटीकडे गेले. दिवा हिरवाच होता, पण त्यांनी तो नीट पाहिला. कुसुमबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुढं चांगलं झालं माह्यं. नवरा भला भेटला. तवापासून चिडवते फक्त. पन तो मोर मी उसवला नाई, अर्धाच ठेवला. अजून हाय."

मग मला त्या संत्र्याच्या बर्फीचा अर्थ लागला: पोचवणाऱ्याला त्यातलं काहीच समजत नाही.

हे चिडवणं असंच चालू राहिलं असतं. पण एका सकाळी कुसुमबाई सण नसताना आल्या. पहिल्या एसटीने. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, ती खाली ठेवायचंही भान नाही. आल्या त्या थेट जिन्याखाली गेल्या आणि पेटीसमोर बसल्या. टोमणा नाही. मी ऑफिसला निघाले होते, ती पायरीवरच थांबले.

"दादा, हे कारंज्याच्या बायकायच्या जबाबाची पेटी हाय ना?"

बाबूंनी दिव्याकडे पाहिलं. त्यांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"नोको सांगू. कारंज्याच्या ताईचे फोन तुले येते, मले मालूम हाय. वैशाली माहेरी गेली, कारंज्याले. पोराशी भांडण झालं. ती त्या केंद्रात गेलती, दोन खेपा. काहीतरी लिवून देलं तिनं." वैशाली त्यांची सून. "मले पोराचं नाई विचाराचं. त्याचं त्यानं निस्तरावं. मले फक्त एवढं पाहून सांग, माह्या नावानं काय हाय. मी तिले काय केलं, दादा? झोप नाई मले. भाजी तोडते तवा तेच, भाकर थापते तवा तेच. एवढी एक ओळ पाहून दे."

"कुसुम, मले नाई दिसत."

"तवाही हेच. तवाही तोंड शिवून बसला होता."

"तवा मी आयकलं होतं," बाबू म्हणाले.  "आयकलं होतं अन् सांगतलं नाई. आता मी आयकलंच नाई वं."

"लबाडी."

बाबूंनी वाद घातला नाही. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला आणि पेटी उघडून दाखवली. एकाखाली एक, ओळीच्या ओळी. ना नाव, ना गाव. नुसती अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी. एक उघडली, आतही तेच. दुसरी उघडली, तेच. कुसुमबाई डोळे बारीक करून पाहत राहिल्या. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"यातली माह्या सुनेची कोणती?"

"मालूम नाई."

"ती हाय तरी काय यात?"

"ते बी मालूम नाई."

"अन् तू रोज हे सांभाळतो?"

"हो."

"आत काय हाय ते माहीत नसताना?"

"म्हणूनच सांभाळता येते."

 पेटीचा पंखा घुरघुरत होता. कुसुमबाईंनी भावाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे, पुन्हा भावाकडे. मला वाटतं, त्या महिनाभराच्या गप्प बसण्यानंतर पहिल्यांदाच त्यांना त्याचं "मालूम नाई" खरं वाटलं असावं. हा माझा अंदाज. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग मी करू काय?"

"कारंज्याले जाय. तिलेच विचार."

"तिनं दार लावून घेतलं तं?"

"तं बाहेर बसजो."

"मी? सुनेच्या माहेरच्या दारात?"

"तीन मिनिटं बसजो," बाबू म्हणाले. "मंग वाढवजो."

कुसुमबाई हसल्या नाहीत, पण शेंगांची पिशवी त्यांनी खाली ठेवली. दुपारच्या गाडीने त्या कारंज्याला गेल्या. संध्याकाळी फोन आला. स्पीकर लावलेला होता म्हणून मला ऐकू आलं. बाबूंनी तो बंद करायला हात नेईपर्यंत त्यांचं सांगून झालंही होतं. "बसली होती. दोन घंट्यानं तिनं चहा आणून देला. पेली. काहीच विचारलं नाई. आली." बाबू म्हणाले, "बरं केलं," आणि ठेवून दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रिपोर्टर, हे तुम्ही आयकलं नाई." मी म्हटलं, नाही ऐकलं.

पुढे कुसुमबाई कारंज्याला आणखी किती वेळा गेल्या, तिथे काय बोलणं झालं, कुणाचं चुकलं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि बाबूंनी विचारलं नाही. वैशाली काही महिन्यांनी आष्टीला परतली, ती स्वतःच्या काही अटी घालून, एवढं कळलं. अटी कळल्या नाहीत. त्या वर्षीच्या खिरीला कुसुमबाई आल्या तेव्हा "कोनाचं आयकलं?" हा टोमणा आला नाही. बाबूंना तो चुकल्यासारखा वाटला असावा, कारण दोनदा त्यांनी मान डावीकडे कलती करून वाट पाहिली.

ट्रंकबाबू गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, उघडलं नाही. त्यांच्या घराची किल्लीही गल्लीत कुणाकडे नव्हती, त्यामुळे दाराचं लॅच तोडावं लागलं. पेटीचा दिवा हिरवा होता, मांजर पाटीवर झोपलेली होती. कारंज्याच्या फायली त्या रात्रीही येऊन पोचल्या होत्या. निर्मलाताई नंतर म्हणाल्या, "मले इकडं कसं समजावं? सगळं बराबर चालूच होतं." बाबूंना एवढं प्रशस्तिपत्र पुरलं असतं.

मुलाने घर विकायला काढलं. माझी खोली गेली, त्याचं फार नाही. प्रश्न पेटीचा होता. ती कुठे ठेवायची, याचा विचार निर्मलाताई आणि मी करत होतो, तेव्हा सामान आवरायला आलेल्या कुसुमबाई म्हणाल्या, "माह्या घरी ठेवा."

मी निर्मलाताईंकडे पाहिलं. केंद्रात येऊन गेलेल्या एका सुनेची सासू, तिच्याच घरात सगळ्या बायकांचे जबाब. ताईंनी पेटीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "काकांनी पेटी कशी बनवली ते खरं असन, तं ठेवाले काहीच हरकत नाई. अन् खरं नसन, तं कुठंच ठेवता येनार नाई."

उन्हाळा लागला तेव्हा पेटी आष्टीला मी नेली. कुसुमबाईंच्या बैठकीत कोपऱ्यात मेज रिकामं करून ठेवलं होतं, वर अर्ध्या मोराची उशीची खोळ अंथरलेली. तारा मी जोडल्या. घर बदललं होतं, म्हणून दोन्ही यंत्रांची ओळख पुन्हा पटवायची होती. निर्मलाताई कारंज्याहून फोनवर. वैशाली पडद्यावरून वाचायला बसली, कुसुमबाईंनी फोन तोंडाशी धरला. भावाच्या अक्षरांचा तो पाढा त्यांना पाठ होता.

"नऊ," वैशाली म्हणाली. "सी."

"नऊ. चांदूर," कुसुमबाई.

"डी. डी. चार."

"धामणगाव. धामणगाव. चार."

"एफ."

कुसुमबाई किंचित थांबल्या. पाठ ताठ झाली, मान डावीकडे कलली. "फुटाणा," त्या म्हणाल्या.

माळ जुळली. दिवा हिरवा झाला. निर्मलाताईंनी फोन ठेवला. मी पिशवी आवरू लागले. वैशाली पेटीकडे पाहत होती, मग सासूकडे न पाहताच म्हणाली, "आई, मी तवा यात काय लिवून देलं होतं, ते सांगू काय तुम्हाले?"

 कुसुमबाईंनी पदराने पेटीवरची नसलेली धूळ पुसली. पुन्हा एकदा पुसली.

"नोको," त्या म्हणाल्या. "असू दे तिथं. तू तो कूलर फिरव इकडं. तिले गरम होते."